धावण्याच्या बुटातला फोम: ओळखावा कसा, निवडावा कसा, टिकवावा कसा

धावताना दर पावलाला जमिनीचा उलटा जोर आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो, आणि तो साधारण पाव सेकंदात पायात येऊन जातो. दहा किलोमीटरच्या धावेत एकेका पायाला हे साधारण पाच हजार वेळा सोसावं लागतं. हा जोर आणि आपली टाच यांच्या मधे असतो तो तीन-चार सेंटिमीटर जाडीचा फोम, म्हणजे मिडसोल. बूट घेताना मात्र आपण रंग बघतो, कंपनी बघतो, सवलत बघतो. आत फोम कोणता आहे, हे विचारणारा विरळाच.

दोष गिऱ्हाइकाचा नाही. प्रत्येक कंपनीने आपल्या फोमचं वेगळं बारसं केलं आहे. झूमएक्स, लाइटस्ट्राइक प्रो, नायट्रो, फ्युएलसेल, पॉवररन पीबी, एफएफ ब्लास्ट अशी नावांची रांग ऐकून डोकं गरगरतं. या सगळ्या नावांमागे रसायनं चार-पाचच आहेत. ती ओळखता आली की दुकानातला विक्रेता काय सांगतोय आणि काय सांगत नाहीये, हे दोन्ही कळायला लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाच ते सात मिनिटांत किलोमीटर धावणाऱ्या, नोकरी-संसार सांभाळून हाफ किंवा फुल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या बहुतेकांना सगळ्यात महागड्या फोमची गरज नसते. आपलं वजन, आपला वेग आणि आपला रस्ता यांना जुळणारा फोम हवा असतो, आणि तो पुष्कळदा मधल्या किमतीत मिळतो.

आधी हे समजून घ्या: मऊपणा वेगळा, उसळी वेगळी

पाऊल पडलं की फोम दबतो आणि दबताना ऊर्जा साठवतो. पाऊल उचलताना तो पुन्हा फुलतो आणि साठवलेल्यातला काही भाग परत देतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. किती दबतो हा झाला मऊपणा, आणि दबल्यावर किती परत देतो ही झाली उसळी. मेमरी फोमची उशी मऊ असते, पण तिच्यात उसळी जवळपास नसते. बुटाच्या बाबतीत या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते.

अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात २०१७ साली तीन बुटांची यांत्रिक चाचणी झाली. नायकीच्या व्हेपरफ्लायच्या नमुना बुटाने साठवलेल्या ऊर्जेपैकी ८७ टक्के परत दिली, आदिदासच्या अडिओस बूस्ट २ ने ७५.९ टक्के आणि नायकीच्याच जुन्या स्ट्रीक ६ ने ६५.५ टक्के. जाहिरातींनी हे टक्के उचलून धरले. त्याच चाचणीतली मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र मागे पडली. व्हेपरफ्लायचा फोम इतर दोन बुटांच्या जवळजवळ दुप्पट दबत होता. म्हणजे त्यात मुळात साठाच दुप्पट होत होता आणि त्या मोठ्या साठ्याचा मोठा वाटा परत येत होता. नुसता कडक पण उसळीदार फोम किंवा नुसता मऊ पण मठ्ठ फोम हे काम करू शकत नाही. दोन्ही गुण एकत्र आले आणि तेही फार कमी वजनात आले, म्हणून २०१७ नंतर मॅरेथॉनचं चित्र बदललं.

व्हेपरफ्लायसारख्या बुटांत फोमच्या आत कार्बनची एक ताठ पट्टी असते. मग ती कशासाठी, असा प्रश्न येतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी व्हेपरफ्लायमधली पट्टी आडवी कापून तिचा ताठपणा मोडला आणि धावपटूंना पुन्हा पळवलं. लागणाऱ्या ऊर्जेत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. पट्टी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. इतका मऊ आणि उंच फोम वेडावाकडा होऊ नये म्हणून तिचा उपयोग होतो. पण ऊर्जेच्या बचतीचं मोठं श्रेय फोमकडे जातं. फोम साधा आणि आत पट्टी असलेल्या स्वस्त बुटांच्या मोहात पडू नका, ते याच कारणासाठी.

आणखी एक समज इथेच बाजूला ठेवूया. जितका मऊ बूट तितका धक्का कमी, हे नेहमी खरं नसतं. फिनलंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जाड, मऊ बूट आणि नेहमीचे बूट यांची तुलना केली. ताशी १४.५ किलोमीटरच्या वेगाला जाड बुटांत आघात उलट वाढलेला दिसला. पायाखाली मऊ लागलं की शरीर पाय जास्त ताठ ठेवतं. अभ्यास छोटा होता, बारा धावपटूंचा, पण दिशा दाखवणारा आहे.

पायरी १: फोमचं कूळ ओळखा

ईव्हीए. पूर्ण नाव इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून धावण्याच्या बुटांत आहे आणि आजही सर्वाधिक बूट याचेच असतात. दाण्यांच्या रूपातलं प्लास्टिक, त्यात फुगवणारं रसायन, मग साचा, उष्णता आणि दाब, अशी त्याची जुनी रीत आहे. त्यातून बंद पोकळ्यांचा हलका फोम तयार होतो. तो स्वस्त असतो, हव्या त्या कडकपणाचा करता येतो आणि पायाखाली स्थिर वाटतो. खोट अशी की हजारो वेळा दबून पोकळ्यांच्या भिंती थकतात आणि फोम हळूहळू बसतो. शिवाय थंडीत तो कडक होतो आणि उन्हाळ्यात सैलावतो. जानेवारीच्या पहाटे नाशिकला टणक लागणारा बूट मे महिन्याच्या संध्याकाळी नागपुरात वेगळाच लागतो, याचं हे एक कारण. आज ईव्हीएत रबरासारखी इतर द्रव्यं मिसळून त्याची उसळी पुष्कळ सुधारली आहे. त्यामुळे ‘ईव्हीए’ ऐकून नाक मुरडू नका.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. जड पण टिकाऊ. पूर्वी बराच वापरला जायचा. आता धावण्याच्या बुटांत मुख्य फोम म्हणून कमी दिसतो, पण इनसोलमध्ये, म्हणजे तळपायाखालच्या आतल्या पातळ गादीत, आणि ट्रेकिंगच्या बुटांत आहे. त्याचा एक दुर्गुण आपल्या हवेत फार महत्त्वाचा आहे, तो पायरी ७ मध्ये सांगतो.

टीपीयूचे, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचे दाणे. २०१३ साली आदिदासने जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीचा फोम घेऊन ‘बूस्ट’ आणला. फुगवलेले छोटे दाणे वाफेने एकमेकांना चिकटवलेले असतात आणि बुटाच्या कडेला ते उघड दिसतात. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, डेनिस किमेटो याच फोमच्या बुटात बर्लिनला २ तास २ मिनिटं ५७ सेकंदांत मॅरेथॉन धावला आणि तो त्या वेळचा विश्वविक्रम होता. हा फोम थंडी-उन्हाला फारसा जुमानत नाही आणि खूप टिकतो. पण जड असतो.

पेबा. शर्यतीच्या हलक्या, उंच आणि उसळीदार बुटांना आज ‘सुपरशू’ म्हणतात, त्यांचा हा प्राण. फ्रान्सच्या आर्केमा कंपनीचा पेबॅक्स हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. त्याच्या साखळीत कडक पॉलिअमाइडचे आणि मऊ पॉलिइथरचे तुकडे आलटून पालटून येतात, म्हणून तो हलका, मऊ आणि उसळीदार असं तिन्ही साधतो. बुटाच्या फोममध्ये येण्याआधी तो स्कीइंगच्या बुटांत आणि दवाखान्यातल्या कॅथेटरच्या नळ्यांत वापरला जात होता. पेबॅक्सचे काही प्रकार एरंडेल तेलापासून बनतात, आणि जगातली बरीचशी एरंडी आपल्या शेजारच्या गुजरातेत पिकते. पेबाला मर्यादाही आहेत. तो महाग असतो, कडेने डगमगतो आणि त्याची जादू लवकर ओसरते.

अलीकडे अ‍ॅलिफॅटिक टीपीयू नावाचा नवा प्रकार शर्यतीच्या बुटांत येऊ लागला आहे. नाव टीपीयू असलं तरी बूस्टच्या जड दाण्यांशी त्याचं फार साम्य नाही. हलकेपणात आणि उसळीत तो पेबाशी स्पर्धा करतो.

राहिला ‘सुपरक्रिटिकल’ फोम. हा शब्द आता सगळ्या जाहिरातींत असतो. हे रसायन नसून फोम फुगवण्याची पद्धत आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाच्या वर नेला की तो द्रवासारखा दाट आणि वायूसारखा सगळीकडे शिरणारा होतो. अशा अवस्थेतला कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन प्लास्टिकमध्ये मुरवतात आणि मग दाब एकदम सोडतात. आत बारीक, एकसारख्या पोकळ्या फुलतात. फुगवणारं रसायन लागत नाही, म्हणून फोम जास्त हलका आणि स्वच्छ निघतो. ही पद्धत ईव्हीएवर करता येते, टीपीयूवर करता येते, पेबावरही करता येते. म्हणून ‘सुपरक्रिटिकल’ शब्द वाचला की पुढचा प्रश्न विचारा: सुपरक्रिटिकल काय? ईव्हीए की पेबा? किमतीतला फरक तिथेच असतो.

‘नायट्रोजन भरलेला फोम’ या शब्दांनीही भुलू नका. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि फोममधला वायू काळाच्या ओघात बाहेरच्या हवेशी जुळवून घेतो. फायदा त्या वायूमुळे टिकत नाही, त्याने मागे ठेवलेल्या बारीक पोकळ्यांच्या रचनेमुळे टिकतो.

मॉडेलच्या वर्णनात फोमचं रसायन दिलेलं नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारा. पुष्कळदा उत्तर येतं.

पायरी २: स्वतःची चार माहितीची कलमं लिहून काढा

वजन, नेहमीचा वेग, आठवड्याचे किलोमीटर आणि रस्ता. दुकानात जाण्याआधी ही कागदावर हवीत.

वजनाचं सगळ्यात महत्त्वाचं. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंवर सहा महिने एक प्रयोग झाला. वरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन प्रकारचे बूट वाटले, एकात फोम मऊ आणि दुसऱ्यात कडक. कुणाला कोणता मिळालाय हे धावणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. कडक बूट मिळालेल्यांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. सर्वसाधारण समज असा की जाड माणसाला मऊ बूट हवा. इथे उलटं दिसलं. मऊ फोमचा फायदा प्रामुख्याने हलक्या धावपटूंना झाला. विचार केला तर पटतं. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाच्या वजनाने कडक फोम नीट दबतच नाही. उलट नव्वद किलोच्या माणसाखाली फार मऊ फोम तळापर्यंत दबून बसतो, आणि मग तो असून नसल्यासारखा.

म्हणून माझा सल्ला असा. वजन साठ किलोच्या खाली असेल तर मऊ, मध्यम उंचीचा फोम घ्या. ऐंशीच्या पुढे असेल तर जाडी जास्त, पण फोम किंचित भरीव आणि तळ रुंद असा बूट घ्या. मधल्यांनी दोन्ही घालून बघावेत.

वेगाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. व्हेपरफ्लायने धावायला लागणाऱ्या ऊर्जेत केलेली ती प्रसिद्ध सरासरी चार टक्क्यांची बचत ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने पळणाऱ्या, अतिशय तयारीच्या धावपटूंवर मोजलेली होती. पुढे अशाच बुटांची कमी वेगाला चाचणी झाली तेव्हा ताशी १२ किलोमीटरला, म्हणजे पाच मिनिटांच्या पेसला (एका किलोमीटरला लागणारा वेळ म्हणजे पेस), सरासरी बचत १.४ टक्के निघाली. ताशी १० किलोमीटरला, म्हणजे सहा मिनिटांच्या पेसला, ती ०.९ टक्के होती. आणि ही सरासरी आहे. माणसागणिक फरक प्रचंड असतो. केनियाच्या अव्वल धावपटूंवरच्या एका अभ्यासात कुणाला सुमारे ११ टक्के फायदा झाला, तर कुणाला तितकाच तोटा. सहा-साडेसहाच्या पेसला वीस हजारांचा बूट घेऊ नये असं मी म्हणणार नाही, हौसेला मोल नसतं. पण वेळ कमी होईल या हिशेबाने घेत असाल तर तेच पैसे वर्षभराच्या दोन चांगल्या रोजच्या बुटांवर लावा.

रस्त्याचंही बघा. मरीन ड्राइव्हसारख्या सपाट, सरळ रस्त्यावर उंच मऊ फोम सुखाचा असतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून तोच उतरायचा असतो. उतारावर, वळणांवर टाच जोरात आपटते आणि पाऊल कडेला सरकतं. तिथे चाळीस मिलिमीटरचा लुसलुशीत फोम घोट्याची परीक्षा बघतो. घाटासाठी रुंद तळ आणि थोडा भरीव फोम, हे मी ठामपणे सांगेन. पायवाटा, टेकड्या, मुरूम यांवर नियमित धावत असाल तर उंची अजून कमी ठेवा.

पायरी ३: आकडे वाचा

चार आकडे पुरतात: टाचेखालची उंची, चवड्याखालची उंची, या दोन्हीतला फरक म्हणजे ड्रॉप, आणि एका बुटाचं वजन.

वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेने २०२० पासून रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि आत जास्तीत जास्त एकच ताठ पट्टी अशी मर्यादा घातली आहे. हौशी धावपटूच्या रोजच्या सरावाला हा नियम लागू होत नाही. म्हणूनच बाजारात ४५ मिलिमीटरचेही बूट मिळतात.

ड्रॉप आठ-दहा मिलिमीटर असेल तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण कमी येतो, गुडघ्यावर थोडा जास्त. चार किंवा त्याहून कमी असेल तर उलटं. आजवर दहाच्या ड्रॉपमध्ये धावत असाल तर एकदम चारवर उडी मारू नका.

वजनाचा हिशेब सोपा आहे: प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढले की धावायला सुमारे एक टक्का जास्त ऊर्जा लागते. म्हणजे २५० आणि २७० ग्रॅमच्या बुटांत रोजच्या सरावापुरता काहीच फरक नाही. वीस ग्रॅमसाठी टिकाऊपणा सोडू नका.

पायरी ४: दुकानात अशी परीक्षा घ्या

संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, लांब धावेत होतात तसे. धावण्याचेच मोजे न्या, आणि जुने बूटही.

आधी आतला इनसोल बाहेर काढा. पुष्कळ स्वस्त बुटांत चार-पाच मिलिमीटरचा लुसलुशीत इनसोल असतो आणि खालचा मिडसोल दगडासारखा. पाय घातल्याबरोबर ‘वा, काय मऊ आहे’ असं वाटतं ते त्या इनसोलमुळे. तो काढून मिडसोलवर उभे राहा, मग खरं कळतं.

नंतर कडेच्या फोमवर अंगठा दाबून सोडा. किती दबतो हे बघाच, पण परत किती झटकन येतो तेही बघा. खळगा रेंगाळला तर उसळी कमी. अंगठ्याचा जोर शरीराच्या वजनापुढे किरकोळ असतो, आणि कडेला पुष्कळदा फोमवर टणक साल असते, म्हणून ही परीक्षा अंतिम नाही. दोन बुटांची तुलना करायला ती चालते.

बूट घालून एका पायावर उभे राहा आणि गुडघा किंचित वाकवा. बरोबरच्या माणसाला मागून मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. घोटा आत किंवा बाहेर कलंडत असेल तर त्या फोमची उंची, मऊपणा आणि तळाची रुंदी यांचा तुमच्या पायाशी मेळ बसलेला नाही. हे उभं राहून दिसत असेल तर पंधराव्या किलोमीटरला पाय थकल्यावर ते दुपटीने दिसेल.

मग धावा. गालिच्यावर नको, फरशीवर किंवा दुकानासमोरच्या फुटपाथवर, दोन-तीन मिनिटं तरी. डाव्या पायात एक मॉडेल आणि उजव्यात दुसरं घालून धावलात तर फरक चटकन कळतो. विक्रेत्याला हे विचित्र वाटेल, वाटू द्या. एसी दुकानात बूट रस्त्यापेक्षा किंचित टणक लागतो, हे ईव्हीएच्या बाबतीत ध्यानात असू द्या.

सरतेशेवटी बुटाच्या जिभेच्या (नाडीखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूचं लेबल बघा. बऱ्याच बुटांवर तिथे उत्पादनाची तारीख असते. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारा बूट तीन-चार वर्षांपूर्वीचा असू शकतो, आणि फोम डब्यात बसूनही म्हातारा होतो. वर्षभर जुना चालेल. फार जुना असेल तर स्वस्तातही नको.

ऑनलाइन घेताना यातलं काही करता येत नाही. तिथे आधी घातलेल्या मॉडेलचीच पुढची आवृत्ती घ्या, आणि तीसुद्धा परत करण्याची सोय असेल तरच. नाव तेच ठेवून कंपन्या फोम बदलतात.

पायरी ५: पहिले दोन-तीन आठवडे

नवा फोम पहिल्या काही धावांत थोडा मोकळा होतो. बूट आणि पाय दोघांनाही वेळ द्या. पहिली धाव चार-पाच किलोमीटरची, संथ. दुसऱ्या आठवड्यात आठ-दहा. जुना जोड या काळात बंद करू नका.

पेबा आणि पट्टीच्या बुटांबाबत जास्त सावध राहा. घोटा आणि पोटरी यांचं काम बदलतं, आणि पायाच्या हाडांवरचा ताण नव्या ठिकाणी जातो. २०२३ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी असे बूट वापरणाऱ्यांत पायाच्या नेव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाल्याची पाच उदाहरणं नोंदवली. पाच उदाहरणांवरून बुटाला दोषी ठरवता येत नाही. पण पायाच्या कमानीच्या वरच्या बाजूला, घोट्यासमोर, बोट ठेवल्यावर नेमकं दुखत असेल तर तो फोम ‘सेट होतोय’ असं समजून धावत राहू नका. थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पायरी ६: दोन जोड फिरवून वापरा

आठवड्यात तीनहून जास्त दिवस धावत असाल तर ही पायरी टाळू नका. लक्झेंबर्गच्याच संस्थेने २६४ धावपटूंचा २२ आठवडे मागोवा घेतला. एकाहून जास्त प्रकारचे बूट आलटून पालटून वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास होता, त्यामुळे सगळं श्रेय बुटांना देता येणार नाही. तरी तर्क सरळ आहे: वेगळा फोम, वेगळा ड्रॉप, म्हणजे त्याच स्नायूवर आणि त्याच हाडावर रोज तोच भार पडत नाही. पावसाळ्यात एक जोड वाळत असताना दुसरा हाताशी असतो, हा फायदा तर आहेच.

जोड निवडताना एकाच मॉडेलचे दोन घेऊ नका. एक जाड, टिकाऊ, ईव्हीए किंवा सुपरक्रिटिकल ईव्हीएचा, संथ आणि लांब धावांसाठी. दुसरा हलका, थोडा भरीव आणि चपळ, वेगाच्या दिवसांसाठी. तिसरा पेबाचा जोड हवाच असेल तर तो शर्यतीसाठी आणि शर्यतीच्या वेगाने करायच्या मोजक्या सरावांसाठी राखून ठेवा.

पायरी ७: ऊन, पाऊस आणि दमट हवा

परदेशी लेखांत हा भाग सहसा नसतो, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्याला नेमका हाच लागतो.

आधी पीयूचा तो दुर्गुण. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमधले रासायनिक बंध हवेतल्या ओलाव्याने तुटत जातात. याला जलविघटन म्हणतात. बूट वापरला नाही तरी ही क्रिया चालूच राहते, उलट बंद खोक्यात ओल कोंडून ती वेग धरते. माळ्यावर जपून ठेवलेला ट्रेकिंगचा बूट तीन-चार पावसाळ्यांनी काढावा आणि दहा पावलांत तळाचा भुगा व्हावा, हा प्रकार सह्याद्रीत भटकणाऱ्या पुष्कळांनी बघितलेला आहे. ईव्हीए आणि पेबाचा असा भुगा होत नाही, पण त्यांच्या बुटात सोल चिकटवणारा गोंद ओलीने सुटू शकतो.

भिजलेला बूट घरी आणला की लगेच नाडी सैल करा, इनसोल काढा, चिखल साध्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुवा. आत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा. तासाभराने ते ओले होतील, ते काढून नवे भरा. मग पंख्याखाली आडवा ठेवा. रात्रभरात बहुतेक वाळतो. हेअर ड्रायर नको, गॅसजवळ नको, वॉशिंग मशीन तर नकोच.

उन्हाबद्दल लोक बेफिकीर असतात. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तापमान साठ अंशांच्या आसपास जाऊ शकतं. तेवढ्या उष्णतेत ईव्हीए आकसू शकतो आणि गोंद मऊ पडतो. शर्यतीचा जोड डिकीत ठेवून गावी जाण्याची सवय असेल तर ती मोडा. गच्चीवर रणरणत्या उन्हात बूट वाळत घालणं हेही त्यातलंच. सावली आणि वारा पुरेसा असतो.

पायरी ८: फोम कधी संपला, हे ओळखा

‘आठशे किलोमीटर झाले की बदला’ हा नियम सोयीचा आहे, नेमका नाही. १९८५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात त्या काळच्या बुटांची धक्का शोषण्याची ताकद पहिल्या ८० किलोमीटरमध्येच मूळच्या ७५ टक्क्यांवर आली होती, आणि ४०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान ६० टक्के किंवा त्याहून कमी राहिली होती. म्हणजे घसरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर मंदावते. आजचे फोम पुष्कळ सुधारले आहेत, पण घसरणीचा हा आकार ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पेबाची गोष्ट आणखी वेगळी. २०२४ मधल्या एका तुलनेत नव्या पेबा बुटाने ईव्हीएपेक्षा ऊर्जा वाचवली, पण साडेचारशे किलोमीटर वापरल्यावर तो फायदा उरला नाही. ईव्हीए मात्र जवळपास होता तसाच राहिला. याचा अर्थ साडेचारशेनंतर पेबाचा बूट फेकून द्यायचा असा नाही. शर्यतीतून त्याला निवृत्त करा आणि सरावाला लावा.

तळाचं रबर बघून बूट ठरवू नका. रबर कोरं दिसत असताना आतला फोम पूर्ण बसलेला असू शकतो. ही चिन्हं बघा: कडेच्या फोमवर आडव्या खोल सुरकुत्या, ज्या बूट दोन दिवस पडून राहिला तरी जात नाहीत. सपाट टेबलावर ठेवून मागून बघितल्यावर टाच एका बाजूला झुकलेली. धावताना चवड्याखाली रस्त्याचे खडे जाणवायला लागणं. आणि काहीही नवं केलेलं नसताना नडगी, गुडघा किंवा तळपाय सकाळी कुरकुरायला लागणं. यातली दोन चिन्हं एकदम दिसली तर किलोमीटर कितीही झालेले असोत, तो जोड धावण्यातून काढा. चालायला, बाजाराला तो अजून वर्षभर उपयोगी पडेल.

नव्या जोडाच्या इनसोलखाली पहिल्या धावेची तारीख मार्करने लिहा आणि धावांची नोंद ठेवता त्या अ‍ॅपमध्ये तो जोड नावाने टाका.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनसाठी वेगळा जोड घेणार असाल तर तो ऑक्टोबरच्या शेवटी घ्या. नोव्हेंबरात दोन छोट्या धावा करा. डिसेंबरात शर्यतीच्या वेगाने बारा-पंधरा किलोमीटरची एक आणि पंचवीसच्या पुढची एक लांब धाव करा. पेडर रोडचा चढ उत्तरार्धात पुन्हा येतो, म्हणून त्या लांब धावेच्या शेवटी एखादा चढ-उतार मुद्दाम ठेवा. थकलेल्या पायांखाली फोम कसा वागतो ते तिथेच कळेल, आणि काही बोचलं, घासलं तर जोड बदलायला महिनाभर हातात राहील.